सगळ्यांत मागे विमलमामी

अकरावीसाठी उमरीहून लातूरला आले, त्या पहिल्याच सकाळी मी ओट्यावर दात घासत उभी होते. आमच्या घरमालकीणबाई विमलमामी साडीच्या निऱ्या वर खोचून कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या बांधत होत्या. शेजारी मामा हाफ पँटमध्ये, आणि माझ्याच वयाची त्यांची मुलगी रेखा जागच्या जागी उड्या मारत होती.

"येतीस का पळायला?" मामींनी विचारलं. तोंडातल्या फेसासकट मी नाही म्हणून मान हलवली.

"मग दार लावून घे," म्हणाल्या, आणि तिघं गल्लीतून पळत निघाली. रेखा पुढे, मामा मध्ये, आणि बऱ्याच अंतरावर मामी.

एखादं घर रोज सकाळी असं सहकुटुंब पळतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मामांची पाटबंधारे खात्यातली नोकरी, मामींचं घरकाम. खेळाशी कुणाचा संबंध नाही. तरी शहरात कुठेही शर्यत असली की तिघांची नावं असायची. मामी नेहमी शेवटून पहिल्या. त्याची त्यांना जराही लाज वाटत नसे. "म्होरल्याला रस्ता दिसतो, मागल्याला माणसं दिसतात," म्हणायच्या.

पण का पळता, असं विचारलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर. दूधवाल्याला म्हणायच्या, "कुत्रं मागं लागलंय." शेजारणीला, "ह्यांचं पोट सुटायलंय." मला त्या उत्तरांनी आणखीच उत्सुकता लागायची. शेवटी एका दुपारी तांदूळ निवडता निवडता मी हट्टच धरला. रेखा क्लासला गेली होती. मामींनी सूप बाजूला ठेवलं.

"आम्ही औसा तालुक्यात गावी होतो तवा. भूकंपात घर पडलं, सासूबाई गेल्या. रेखाला ह्यांनी मातीतून वढून काढलं. लई बारकी होती. मग पत्र्याच्या शेडमधी ऱ्हायलो, तर पोरगी छपराखाली यायलाच तयार न्हाई. रातभर दारात बसायची, डोळे टक्क. म्हणलं, दमवल्याबिगर झोपायची न्हाई. तिला एकटीला कसं पळ म्हणू? मीबी पळाले. मग हेबी आले. चार-आठ दिवसांत माझ्या खांद्यावर झोपायला लागली."

"पण आता तर झोपते की ती!"

"झोपती ना. पण आता बंद केलं, तर ते औषध होतं म्हणून कळंल की तिला. औषध म्हणलं की दुखणं आठवतं."

बारावी लागली आणि मामांनीच ते बंद केलं. त्या वर्षांत लातूरच्या गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. रेखाला डॉक्टर करायचं, हे मामांनी मनात पक्कं धरलं होतं. "सीईटी झाली की पळ म्हणावं किती पळायचं ते," ते म्हणाले.  दिवाळीनंतर रेखा पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसायला लागली. आत बोलावलं तर म्हणायची, "इथंच वारा येतो." थंडीच्या दिवसांत!

मामींनी ते पाहिलं. नांदेडला कुटुंबांची शर्यत होती. घरातली चार माणसं लागत आणि चौथा पोचेल, तीच वेळ सगळ्यांची धरत. मामींनी कुणाला न विचारता नावं दिली. चौथी मी.

"रविवारी टेस्ट हाय तिची!" मामा कडाडले.

"टेस्ट पुढच्या रविवारीबी हाय," मामी म्हणाल्या, आणि दशम्या बांधायला घेतल्या.

शर्यत विष्णुपुरीच्या रस्त्यावर होती. रेखा सुटली ती आमच्या नजरेआडच झाली. मी आणि मामा धापा टाकत एक वळण पार करून आलो, तर ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली.

"पाय मुरगळला का? ऊठ बाळा, वेळ जायलाय," मामा म्हणाले.

रेखा उठली नाही. खाली बघत म्हणाली, "बाबा, क्लासच्या त्या हॉलमधी एवढी पोरं बसवतात आणि दारं लावून घेतात. दार लागलं की मला श्वासच घेता येत न्हाई. सर काय शिकवतात, काही ऐकू येत न्हाई. मी सारखं छताकडं बघते."

 बाजूनं दुसरी कुटुंबं पळत पुढे जात होती. मामा तिच्याजवळ खाली मातीत बसले. "मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं घातलं होतंत."

मागून मामी आल्या. तिघांकडे बघून त्यांनी ओळखलं असावं. त्या रेखाच्या पलीकडे बसल्या आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. मग मामाच म्हणाले, "चला, चालत जाऊ." आम्ही पोचलो तेव्हा मंडपाचे बांबू सोडणं चाललं होतं.

मामांनी तो क्लास सोडवला. नातेवाइकांनी नावं ठेवली, ती ऐकून घेतली. रेखा दार उघडं ठेवून घरीच अभ्यास करायला लागली. ती डॉक्टर झाली नाही. परभणीला शेतकी शिकली, आणि पुढे तिकडेच नोकरीला लागली.

रेखाच्या लग्नानंतर आठवड्याभरानं मी लातूरला गेले होते. घर सुनं वाटत होतं. मामा-मामींबरोबर चहा पिताना मला एकदम एक गोष्ट सुचली, जी इतक्या प्रश्नांत मी कधी विचारली नव्हती.

"मामी, त्या शेडमध्ये तुम्हाला झोप लागायची का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला? न्हाई बाई. अजूनबी न्हाई लागत नीट."

मामांनी कप खाली ठेवला. "इतकी वर्षं? मला कधी बोलली न्हाईस."

"सांगितलं असतं की," मामी म्हणाल्या. "पण तुम्ही दोघं गाढ झोपलेले दिसलात, की लई बरं वाटायचं बघा. तेच बघत पडायची मी."