पुढे व्हा, साहेब

डहाणूच्या प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना पडद्यावर दोन चित्रं दाखवली. एकात बॉस गाड्यावर बसून माणसांना हाकतोय, दुसऱ्यात लीडर सगळ्यांच्या पुढे राहून दोर ओढतोय. "बॉस होऊ नका, लीडर व्हा. लीडर नेहमी पुढे चालतो," असं सांगून आमच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांनी टाळ्या घेतल्या. मीही वाजवल्या. चहाबरोबरचा वडा बरा होता.

मी तलासरीतल्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवायचे. मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, म्हणून मी इन्चार्ज. हेडची कामं सगळी माझी, हेडचा अधिकार मात्र कुणीच दिला नव्हता.

२०१८च्या हिवाळ्यात जमीन हादरायला लागली. पाड्यावरची माणसं घराबाहेर झोपू लागली. आमच्या पहिलीच्या वर्गाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, त्यात माझी बोटं जायची. मी साहेबांना फोन केला, म्हटलं, मुलांना बाहेर बसवते.

"तुम्ही इन्चार्ज आहात, हेड नाही. वर्ग बंद करायची ऑथॉरिटी तुम्हाला नाही."

"आणि मुलांना काही झालं तर?"

"तर जबाबदारी तुमचीच. इन्चार्ज कोण आहे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलं तडकलेल्या भिंतीखाली आणि ऑथॉरिटी तिकडे पंख्याखाली! हाच माणूस आम्हाला लीडर व्हायला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी पाढे चालू असतानाच हादरा बसला. मुलं बाहेर पळाली. एक चिमुरडी मात्र चपला राहिल्या म्हणून परत आत शिरली. तिला दंडाला धरून ओढून बाहेर आणलं. मग मी वर्गाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

त्या चिमुरडीची आजी पाड्यावरची धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. तिला ना पद ना खुर्ची, पण तिच्याशिवाय मांडवात पान हलत नाही. तिने कुलूप पाहिलं, नातीला जवळ ओढलं आणि जमलेल्यांना म्हणाली, "मांडव घाला रे." लग्नघरी येतात तसे बांबू आले, आंब्याच्या डहाळ्या आल्या. दुपारपर्यंत शाळा मांडवात भरली. कोणाच्या ऑर्डरने, असं एकानेही विचारलं नाही.

ते विचारायला साहेब जीपने आले. "कुलूप कोणाच्या ऑर्डरने लावलंत?"

"माझ्या."

"उघडा. मुलांना आत बसवा."

मी कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि बाजूला झाले. "चला सर. तुम्ही लीडर, तुम्ही पुढे व्हा. मी मुलांना घेऊन मागून येते."

साहेबांनी उंबऱ्याबाहेरूनच तडा पाहिला. भिंतीतून चुना झरत होता. मग ते वळले आणि मांडवात येऊन त्यांनी बसायला खुर्ची मागितली.