लुटा मला

टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटचा आंबूस वास आला की मला संक्रांत आठवते. आजोबा गेले त्या वर्षी येडगावच्या आमच्या घरी हळदी-कुंकू होतं. बायका यायच्या आधी काकू आजीला हळूच म्हणाली, "आत्या, तुमी आज आतच बसा." विधवेच्या हातचं वाण कोण घेणार, हे तिला बोलून दाखवावंही लागलं नाही. आजी निमूट आत गेली आणि गोधडीनं झाकलेलं एक क्रेट ओढत बाहेर आली. थेट दारात बसून तिनं आम्हा नातवंडांना हाक मारली, "डोळं मिटा अन् हात घाला. ज्याला जे घावंल ते त्याचं. लुटा मला." आत शिट्ट्या, गोट्या, रिबिनी असं काय काय होतं. आजी वरून हातांवर चापट्या मारत होती, आम्ही खिदळत होतो, आणि नटूनथटून आलेल्या बायका उंबऱ्याबाहेर खोळंबल्या होत्या. काकू म्हणाली, "आत्या, लोक काय म्हनतील?" आजी हलली नाही. "हळदी-कुंकू तुमचं, लूट माझी. आत जायचंय तिनं हात घालून जावं." बराच वेळ कुणी पुढं आलं नाही. मग शेजारच्या म्हातारीनं हात घातला. शिट्टी निघाली, ती तिनं तिथंच वाजवली. पुढं दर संक्रांतीला ते क्रेट दारातच असायचं. नवरा गेल्यानंतरची माझी ही पहिली संक्रांत. जाऊबाई काल म्हणाल्या, "हळदी-कुंकवाला तू आत बस." मी आज सकाळीच नारायणगावहून क्रेट आणलंय. आमचं दार आजीच्या दारापेक्षा रुंद आहे, म्हणून मी मधोमध बसणार आहे.