झेंडूचा हार थरथरला तेव्हा

आधी माझी चूक सांगतो, अनुभव नंतर. माझ्या एका रिपोर्टमुळे माझ्या सख्ख्या बहिणीच्या यजमानांना कंट्रोल रूममधून उठवून स्टोअरमध्ये बसवलं गेलं... आणि तो लिहिताना मी स्वतःला फार प्रामाणिक समजत होतो. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात प्रतापनगरच्या पलीकडे तेव्हा मोकळं रान होतं. तिथल्या सबस्टेशनात भाऊजी ऑपरेटर होते, मी टेस्टिंगचा नवा इंजिनिअर. खंडेनवमीला तिथे एक ट्रान्सफॉर्मर बंद करून पुसायचे, हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचे. एरवी त्याला हात कोण लावणार! बंद म्हणजे दोन्हीकडून सप्लाय तोडलेला आणि दोन्ही टोकं तारेनं जमिनीला जोडलेली.

त्या सकाळी दोन माणसं वर चढून पुसत होती. भाऊजींना पॅनेलवर त्याच बंद ट्रान्सफॉर्मरच्या, प्रवाह मोजणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटा हलताना दिसला. त्यांनी माणसांना खाली उतरवलं आणि कुणालाही न विचारता शेजारची चालू लाइन बंद केली. सणाच्या दिवशी मोठ्या भागातली वीज गेली. चौकशीला मलाच पाठवलं.

"लाइन बंद केली अन् काटा बसला," भाऊजी म्हणाले. "मी झोपेत नव्हतो गा."

मी टेस्टिंगच्या सवयीनं जमिनीला जोडलेल्या तारा काढल्या आणि शेजारची लाइन चालू करून पाहिली. काटा ढिम्म. शेजारच्या लाइनच्या चुंबकीय क्षेत्रानं बंद ट्रान्सफॉर्मरमध्येही प्रवाह फिरू शकतो, पण त्याला फिरायला पूर्ण वाट हवी. ती वाट त्या तारांमुळे तयार झाली होती — आणि मीच ती तोडून तपासत होतो. खरं सांगू? तेव्हाच मनात आलं होतं. पण नात्यातल्या माणसाला वाचवलं असं कुणी म्हणू नये, म्हणून लिहिलं — ऑपरेटरला भास झाला.

पुढे भाऊजी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसले. लोक येता-जाता विचारायचे, "काय भाऊ, आज काटा हलला का नाही?" ताई मला राखीला बोलवायची, पण ताट वाढून आत निघून जायची.

काही वर्षांनी त्याच सबस्टेशनचा मी प्रमुख झालो. पुन्हा खंडेनवमी आली. या खेपेला लोड दुसरीकडे टाकून शेजारची लाइनही मी आधीच बंद करवली होती. यार्ड अगदी शांत. नारळ फुटला, आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागला... वारा नव्हता, तरी हार थरथरत होता.

"साहेब, बंद आहे ना हे?" फोरमननं हळूच विचारलं.

मी आत जाऊन पाहिलं. त्या ट्रान्सफॉर्मरचा काटा वर, शेजारच्या लाइनचा शून्यावर. जे कारण मी भाऊजींसाठी लिहायला हवं होतं, ते आज तिथे नव्हतंच! थोड्या वेळानं काटा आपोआप खाली आला. सूर्यावरच्या वादळांनी पृथ्वीचं चुंबकत्व हलतं आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतात, असं नंतर वाचलं. पण शहरात दुसरीकडे कुठेच काही झालं नव्हतं. त्या काट्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. भाऊजींच्या काट्याचं मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला धंतोलीत भाऊजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "माणसं वर होती काय?"

"नव्हती."

"मंग ठीक आहे."

मी आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली आणि वाकलो. "भाऊजी, तुम्ही खरं सांगत होता. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी खोटं लिहिलं. उद्या तसं वर लिहून देतो. मला माफ करा."

ताई स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जावं म्हणून मी ते पुन्हा, मोठ्यानं म्हटलं.