काळ्या चौकटीतले आबा

माझे थोरले चुलते हवालदार मारुती आबा यांच्यावर दोनदा अन्याय झाला. पहिला १९४६ साली, शिमग्याच्या आदल्या दिवशी, सरकारनं केला. दुसरा १९७४ साली, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी केला. पहिल्यात त्यांची दोन पदकं गेली. दुसऱ्यात ते स्वतःच गेले!

पहिला आधी सांगतो, कारण त्यात माझा हात नाही. आबा ब्रह्मदेशाच्या लढाईत पुढच्या फळीत होते. पण पलटणीतून नाव कटवून घरी येताना कुणा कारकुनानं त्यांच्या सर्व्हिस बुकात एकच पदक लिहिलं आणि दोन लिहायची विसरला. (त्याला शिमग्याला गावी जायची घाई असणार!) आता तुम्ही म्हणाल, दोन पदकांनी काय होतंय? तुम्ही आमच्या गावचा झेंडा बघितलेला नाही. पंधरा ऑगस्टला शाळेसमोर माजी सैनिकांना खुर्च्या मिळतात त्या पदकांच्या हिशेबानं. ज्याची छाती जास्त वाजते, तो पुढं. काकीचे भाऊ, आमचे सुभेदार मामा, पाच पदकं लावून मधल्या खुर्चीत. ते चालायला लागले की बेंदराचा घुंगरं बांधलेला बैल आल्यासारखं वाजायचं. आबा एकुलतं एक पदक लावून शेवटच्या रांगेत, पाण्याच्या माठाशेजारी. आणि मामा दर वर्षी मान वळवून विचारणार, "काय दाजी, बर्म्यात भात रांधत हुता काय?"

सगळे हसायचे. आबाही हसायचे. पण त्या दिवशी घरी ते भाताला हात लावत नसत.

अर्ज करून करून आबा थकले होते. सांगलीची कचेरी म्हणायची, "तुमचा कागद साताऱ्याचा." साताऱ्याची कचेरी (नाव छापत नाही, छापल्यानं काय होतं ते आता मला कळलंय) म्हणायची, "तुमचं गाव सांगलीचं." आबा भरती झाले तेव्हा आमचं गाव सातारा जिल्ह्यात होतं. पुढं जिल्हा फुटला आणि आम्ही सांगलीत गेलो. गाव जागचं तसूभर हललं नाही, पण आबांचा अर्ज मात्र वर्षानुवर्षं दोन्हीकडं येरझाऱ्या घालत होता!

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो, म्हणजे मोर्चात होतो. पत्रक लिहावं तर मीच! एस.टी.च्या भाड्यावर माझं पत्रक होतं, वसतिगृहाच्या आमटीवर तर तीन होती.

"आबा, अर्ज हे गुलामीचं लक्षण आहे!" मी गरजलो. "पत्रक काढू!"

"काढ की," आबा म्हणाले. "पर झेंड्याच्या आत हुतंय का बघ. औंदा मला माठाजवळ बसायचं न्हाई."

त्या एका वाक्यासाठी मी अख्खं सरकार पाडायला तयार होतो.

सांगलीच्या छापखान्यात युसूफचाचा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत बसले होते. मी मजकूर ठेवला. वर ठळक अक्षरात : 'हवालदार मारुती आबा! तुमचे बलिदान व्यर्थ जाणार नाही!' (बलिदानाशिवाय माझं पत्रक सुरूच होत नसे. आमटीच्या पत्रकातही दोन बलिदानं होती.) मध्ये आबांचा फोटो.

"भोवतीनं चौकट पाहिजे," मी म्हणालो. "जाड. काळी. लांबनं दिसली पाहिजे!"

"एवढी काळी चौकट मयताचीच हाय बघ आपल्याकडं."

"चालंल! अन्याय म्हणजे मरणच!"

"लय भारी बोलतोस गड्या," चाचा खूश होऊन म्हणाले आणि माझ्या क्रांतीवर प्रसन्न होऊन त्यांनी फोटोखालच्या रिकाम्या जागेत एक समई फुकटात टाकून दिली. मला ती फार आवडली. ज्ञानाचा प्रकाश वाटला!

पत्रकं मी झाडून सगळ्या पाहुण्यांना टपालानं धाडली आणि साताऱ्याच्या कचेरीला रजिस्टरनं.

चौथ्या दिवशी पाटणची आत्या एस.टी.तून उतरली ती वेशीपासूनच गळा काढत. दारात येऊन तिनं काकीच्या गळ्यात मिठी घातली. "वैनी गंऽऽ, कसं वं झालं!" काकीला वाटलं, आत्याचे मालक गेले. तिनंही हंबरडा फोडला. दोघी एकमेकींच्या नवऱ्यासाठी जीव तोडून रडत होत्या, तोवर आत्याचे मालक एस.टी.च्या टपावरची दुरडी डोक्यावर घेऊन दारात हजर झाले. त्यांना बघून काकी किंचाळली. तेवढ्यात उसाला पाणी पाजून आबा आले. त्यांना बघून आत्या किंचाळली.

"कोण गेलं रं?" आबांनी डोक्याचा पटका काढत हळहळून विचारलं.

"आवं, तुमी!" आत्याचे मालक म्हणाले.

"मी? कवा?"

"परवाच्या टपालात."

सगळी माझ्याकडं बघायला लागली. "पत्रक नीट वाचा!" मी ओरडलो. "त्यात अन्यायाची सविस्तर हकीकत आहे! कुठाय तुमचं पत्रक?"

"फाडलं की!" आत्या डोळे पुसत म्हणाली. "मयताचं पत्र कुणी घरात ठेवतंय व्हय? वाचायचं, फाडायचं आन् आंघोळ करायची."

म्हणजे माझं आजवरचं सगळ्यात जळजळीत साहित्य सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत एकाच दिवशी फाडलं गेलं होतं, आणि वाचक आंघोळीला गेले होते!

दुरडीत कडू घास होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पाहुणे आणतात तो. पिठलं आणि भाकरी. आबांनी हातपाय धुतले, मांडी घातली आणि स्वतःच्या मरणाचं पिठलं पोटभर खाल्लं. "झ्याक झालंय," ते बोटं चाटत म्हणाले. "मी गेलो तरी मिठाला चुकली न्हाईस गं."

पाहुणे महिनाभर येत राहिले. आबांना पिठल्याचा कंटाळा आला. मी मात्र ठाम होतो. जनतेत जागृती होत होती!

आणि श्रावणात, झेंड्याला आठवडा उरला असताना, पोस्टमन खरंच एक रजिस्टर पाकीट घेऊन दारात उभा राहिला. आतून कायतरी खुळखुळत होतं! "बघा!" मी अंगणात उडी मारली. "पत्रकाची ताकद!"

पोस्टमननं नाव वाचलं. "श्रीमती हौसाबाई. कैलासवासी हवालदार मारुती यांच्या विधवा पत्नी."

काकी हातातलं सूप घेऊन उठली. "कुणाची कोण?"

"काकी, सही करा नायतर अंगठा द्या. पदकं हायत त्यात."

"माज्या कपाळाचं कुंकू दिसतंय का तुला?"

"मला दिसतंय. टपालखात्याला दिसत न्हाई."

"अगं, कर की सही," आबा हळूच म्हणाले. त्यांची नजर पाकिटावरून हलत नव्हती.

"जीभ झडंल! नवरा डोळ्यापुढं उभा आन् मी इधवा म्हणून अंगठा लावू? घिऊन जा माघारी!"

पाकीट खुळखुळत साताऱ्याला परत गेलं. रात्री भात केला होता. आबांनी ताट सरकवलं.

तिसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आम्ही तिघं साताऱ्याला. आबा खाकी कोटात, काकी हिरवा चुडा भरून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. कचेरीतल्या कारकुनानं फाईल उघडली. वरच माझं पत्रक टाचलेलं, समईसकट, आणि शेजारी परत आलेलं पाकीट.

"मरणोत्तर प्रकरण म्हणून आम्ही तातडीनं केलं," तो अभिमानानं म्हणाला. "जिवंत माणूस काय, थांबू शकतो."

"पण ते जिवंत आहेत!" मी टेबलावर मूठ आपटली.

"मग मंजुरी रद्द. नव्यानं अर्ज करा. तुमचं गाव सांगलीत ना? मग सांगलीला."

"आन् मेलेलाच असलो तर?" आबांनी विचारलं.

"तर पदकं घेऊन जा. पेन्शन मात्र बंद होईल."

आबांनी पाकिटाकडं बघितलं. मग काकीकडं. "मंग मेलोच म्हणा की," ते म्हणाले. "झेंड्यापुरता."

"खबरदार!" काकी अशी ओरडली की आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. रिटायर कॅप्टन, पांढऱ्या मिशा. त्यांना बघताच आबांनी टाच आपटून सलाम ठोकला आणि कपाटावरची फायलींची एक थप्पी खाली आली. (त्यात साताऱ्यासांगलीचे किती जण असतील!)

साहेबांनी पत्रक हातात घेतलं. शांतपणे वाचलं. चौकट बघितली, समई बघितली, आबांना बघितलं. आणि टर्रकन फाडलं!

"साहेब! फायलीचा कागद आहे तो!" कारकून किंचाळला.

"मयताची बातमी आहे. वाचली, फाडली. तुमच्याकडं काय जपून ठेवतात? आता मेल्याचा दुसरा पुरावा काय आहे फायलीत?"

कारकुनानं पानं उलटली. "नाही, साहेब."

"आणि जिवंत असल्याचा समोर उभा आहे. मी स्वतः पाहिला, असं लिहा. सही माझी. तीन पदकं बुकात चढवा."

हा क्षण इतिहासाचा होता. मी घसा साफ करून भाषणाला सुरुवात केली, "बंधूंनो, हा विजय..."

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"पत्रक ह्यानंच काढलं," काकी म्हणाली.

"तरीच. बाहेर बस."

म्हणून माझ्या लढ्याचा विजय झाला तेव्हा मी कचेरीबाहेरच्या सायकलींच्या राखणीला होतो.

पंधरा ऑगस्टला आबा पुढच्या रांगेत बसले. मामांनी मान वळवली ती मागं माठाकडं. तिथं कुणी नव्हतं. मग शेजारी बघितलं, आबांची तीन पदकं मोजली आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. त्या दुपारी आबांनी तीनदा भात मागून घेतला.

पण प्रकरण अजून मिटलेलं नाही. झेंडा वर जात असतानाच मिरजेहून आबांचा पलटणीतला एक दोस्त धावत आला, हातात आबांच्या फोटोसाठी आणलेला हार! तो आबांच्याच गळ्यात घालावा लागला. गेल्या महिन्यातही एक पाहुणे पिठलं घेऊन आले. म्हणजे अजून काही प्रती शिल्लक आहेत.

तेव्हा वाचकहो, माझी तुमच्याकडं रोखठोक मागणी आहे. तुमच्या फडताळात, दुकानात, बायकोच्या पिशवीत काळ्या चौकटीचं, समईचं पत्रक असेल तर उठा आणि फाडा! माझ्या आजवरच्या लिखाणातलं तेवढं एकच लोकांच्या कामी आलं, आणि तेही फाडल्यावर. तर फाडा! आत्ता फाडा! फक्त नंतर आंघोळ करू नका. आबा उसाला पाणी पाजतायत.