भांडायची जागा

कुठलं भांडण कुठं भांडावं, हे अख्ख्या परभणी जिल्ह्यात आमच्या मामंजींइतकं कुणालाच कळत नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. गावच्या महादेवाचे विश्वस्त कोण आणि देवळाची किल्ली कुणाकडे, यावरून त्यांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं, आप्पांचं, जुनं भांडण. मामंजी आधी साध्या कोर्टात गेले. चपला झिजल्यावर कळलं, की राज्याच्या कायद्यानं ट्रस्टचा हा वाद तिथं चालतच नाही, धर्मादाय कचेरीत जा. तो घाव असा बसला, की तेव्हापासून घरात आवाज चढला की मामंजी आधी जागा ठरवतात. मी नि सासूबाई मिठावरून अंगणात बोलायला लागलो, की पाहुण्यांदेखत हुकूम सुटतो, "हे इथं चालत न्हाई. चुलीपुढं जा." मी लाजेनं अर्धी होते. माझ्या बहिणीच्या लग्नात रुसलेल्या व्याह्यांनाही त्यांनी भर मांडवातून उठवून जानवशाच्या घरी धाडलं. माहेरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

तारखेला मात्र वादी-प्रतिवादी एकाच एसटीनं जाणार. आधी चढेल त्यानं रुमाल टाकून दुसऱ्याची जागा धरायची. भाकरी आमची, लोणचं आप्पांच्या घरचं. कचेरीच्या पायरीपर्यंत भाऊ, आत वैरी.

गेल्या तारखेला आप्पांचा गुडघा सुजला. आप्पांच्या बायकोनं, काकूंनी, स्टँडवर येऊन मामंजींना विनवलं, साहेबाला सांगून पुढची तारीख घ्या. सांगतो म्हणाले, आणि पुकारा झाल्यावर गप्प बसले. निकाल एकतर्फी, आमच्या बाजूनं.

मी हौसेनं ओवाळायला दारात उभी. ते ताटाकडं बघेनात. डबा तसाच भरलेला. खाली मान घालून सगळं सांगितलं नि म्हणाले, "सूनबाई, लय लाज वाटायलीय. ह्याचा निवाडा कुठं होतो गं?"

जागा ठाऊक नाही, असं पहिल्यांदाच झालं. हातातल्या ताटाची मलाच लाज वाटली. म्हटलं, "आप्पांच्या ओसरीवर."

मी डबा घेऊन मागोमाग गेले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माझी जागा धरली व्हतीस का?"

"धरली व्हती," मामंजी म्हणाले. "उभी माणसं शिव्या द्यायलती. परभणीवरी मोकळीच नेली."

आता तो निकाल मोडावा म्हणून जिंकलेल्यानंच अर्ज केलाय. वकील हसतो. आप्पांच्या गुडघ्याची सूज अजून उतरलेली नाही. रुमाल मात्र मी धुऊन ठेवलाय.