माठाजवळची दवा

"अस्थमा आहे," हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले. मी पहिलं विचारलं ते हेच, आवाज राहील ना? हळदीच्या बाजारात हर्राशीची, म्हणजे लिलावाची, बोली पुकारतो मी. दम न्हाई तर आवाज न्हाई, अन् आवाज न्हाई तर सलीमला विचारतो कोण?

अस्थमा म्हणजे श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, आवळतात. दवा मिळाली ड्राय पावडर इन्हेलर, म्हणजे कॅप्सूलमधली कोरडी भुकटी. कॅप्सूल यंत्रात ठेवायची, कळ दाबून टोचायची अन् तोंडानं जोरात ओढायची. मेडिकलवाल्यानं एवढं दाखवलं, मी आमच्या गावी, गोरेगावला परत आलो.

माझ्या बायकोनं, शमीमनं, ती दवा जिवापाड जपली. शेजारच्या काकूंचं शुगरचं इंजेक्शन माठाजवळ थंड ठेवतात. तसंच हिनं कॅप्सुला पाकिटातून काढल्या, वाटीत घातल्या अन् वाटी माठाला टेकवून ठेवली. मलाही ते बराबर वाटलं.

पण तकलीफ काही हटेना. चार बोल्या पुकारल्या की खोकला. दुसऱ्या डॉक्टरानं दवा वाढवली. तिसऱ्यानं आणखी वाढवली, वर मलाच म्हणाला, तुम्ही दवा घेतच नसाल. असा संताप आला म्हणून सांगू! रोज न चुकता घेऊन राहिलो, अन् हे म्हणतात घेत न्हाई. कशी घेता ते दाखवा, एवढं म्हणायला काय जात होतं यांचं?

तोवर ज्याच्याकडं मी पुकारायचो त्या अडत्यानं, हळदीच्या दलालानं, माझ्या जागी दुसरा माणूस उभा केला. मी वजनकाट्याजवळ बसून त्याची पुकार ऐकायचो अन् आतल्या आत जळायचो.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी यंत्र अन् कॅप्सुला घेऊन बोलावलं. त्यांच्यासमोर ओढली.

"या भुकटीत थोडी साखर असते. जिभेवर गोड लागलं का?"

"न्हाई. कधीच न्हाई."

त्यांनी तीच कॅप्सूल उघडली. दवा आतच, ओल लागलेल्या पिठीसाखरेसारखे खडे झालेली. म्हणाल्या, "भुकटी मोकळी असली तरच तुमच्या ओढीनं फुटून बारीक होते अन् फुप्फुसात उतरते. दमट झाली की कण चिकटतात. थोडी इथंच राहते, थोडी घशात अडकते. घ्यायच्या वेळीच पाकीट फोडत जा."

म्हणजे माठाची ओल दवेत शिरत होती, अन् इतके दिवस मी दवा कचऱ्यात टाकत होतो! तीन डॉक्टर झाले, पण दवा कशी ठेवायची यावर कोणी तोंडातून एक शब्द काढला न्हाई.

मॅडमनी नवी कॅप्सूल दिली. ओढली, तर जिभेवर गोडसर चव आली. मला रडूच फुटलं.

तुमच्या घरी अशी दवा असेल तर डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा. ते म्हणोत, न म्हणोत.

घरी येऊन सगळं सांगितलं. सकाळी पाहतो तर शमीमनं माठ उचलून अंगणात उन्हात नेऊन ठेवलेला. मीही तसाच राहू दिला. राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं.

दवा लागू पडली. अडत्यानं परत बोलावलं. त्या दिवशी पूर्ण हर्रास मी एकट्यानं पुकारली. घरी आलो तेव्हा घसा कोरडा पडला होता, अन् माठातलं पाणी कोमट.

माठ उचलला, जुन्या जागी ठेवला अन् शमीमला म्हणालो, "पाणी भर. उद्याही बोली हाय."