टॉल कुठली, हाय कुठली

दीडशे पीसना लेबल लावून झालं होतं, तेव्हा मंदाताईने घडी घालता घालता हात थांबवला आणि म्हणाली की हे सगळे पीस एका जातीचे नाहीत.

मी तेव्हा उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात होते. नव्वद साल उलटून गेलं होतं. पालेगावहून पायी अंबरनाथला यायचं आणि तिथून पुढे पाच नंबर. माझं काम लेबल लावायचं. पँटच्या कमरेला आतून कापडाची चिमुकली पट्टी असते, तिच्यावर कंपनीचं नाव आणि साइज असते, ती मशीनवर शिवायची. मंदाताई माझ्या बाजूला घडी घालायची. ती मांजर्लीची. अंगाने भरलेली, उंचीने माझ्या खांद्याएवढी, आणि तोंडाने आम्हा दोघींपुरतं बोलणारी. मी बोलत नसे. मी खूप उंच आहे. लहानपणापासून वाकून चालायची सवय लागली, बोलायची लागली नाही.

त्या वेळची ऑर्डर बायकांच्या जीन्सची होती, परदेशात जाणारी. सुपरवायझर किशनभाईने लेबलांच्या दोन गुंडाळ्या माझ्यापुढे ठेवल्या. एकीवर टॉल, दुसरीवर हाय. हे त्याने वाचून दाखवलं म्हणून कळलं. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी चौथीत थांबले. मी लेबल अक्षरांच्या आकारावरून ओळखायची. टॉलच्या शेवटी दोन काठ्या उभ्या. हायच्या दोन्ही टोकांना शिडीची एकेक पायरी.

एरवी यात अडचण येत नाही. कटिंग झालं की प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी लागते, तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं. पण हा माल धुलाईला गेला होता. जीन्स दगडांबरोबर मोठ्या मशीनमध्ये फिरवतात, म्हणजे ती जुनी आणि मऊ दिसते. त्या धुलाईत चिठ्ठ्या गेल्या, खिशाच्या अस्तरावर केलेली खूणही गेली, आणि सगळा माल एका ढिगात परत आला. कटिंग मास्तर आईच्या आजारपणासाठी गावी गेला होता. शेठ दिल्लीला. ऑर्डरच्या कागदावर दोन्ही साइज निम्म्या निम्म्या होत्या, त्यामुळे पीसची संख्या मोजूनही काही कळणार नव्हतं.

किशनभाईने दोन-चार पीस उचलले, कमरेपासून खालच्या काठापर्यंत बाजूने टेप लावली. सगळे बेचाळीस इंच. मग त्याने ऑफिसातली डिक्शनरी उघडली.

"दोनों का मतलब उंच ही है," तो म्हणाला. "तुम्हारे में उंच बोलते ना? आधे पे ये लगा, आधे पे वो."

मी लावत गेले. सांगितलेलं काम करायचं, एवढंच मला माहीत.

मंदाताईचं म्हणणं असं होतं. पँटची घडी घालताना एका पायावर दुसरा पाय ठेवतात. तसं केलं की मागे आसनाचं टोक बाहेर येतं. आसन म्हणजे दोन पाय जिथे जोडले जातात तो भाग. काही पीसमध्ये हे टोक वर येत होतं, काहींमध्ये चांगलं तीन बोटं खाली. मी टेप घेतली आणि आतून मोजलं. ती बरोबर होती. एका जातीला पाय लांब आणि आसन आखूड. दुसरीला आसन मोठं आणि पाय आखूड. बाजूने टेप लावली की दोन्हींची बेरीज बेचाळीस. म्हणून किशनभाईला फरक दिसला नाही.

मंदाताईने त्याला जाऊन सांगितलं. तो आधी चिडला, मग घाबरला. परवा मुंबईहून कंपनीची मॅडम माल तपासायला येणार होती. माल परत गेला तर शेठ कुणाला तरी काढणार, हे ठरलेलं. मागच्या खेपेला काज करणारी बाई गेली होती, आणि चूक तिची एकटीची नव्हती.

"लेबल किसने लगाया, वो पहले पूछेंगे," किशनभाई म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

या कारखान्याआधी मी वीटभट्टीवर होते. तिथे उंच बाईला जास्त विटा देतात, डोक्यावरचा भार उतरवायला बरं पडतं म्हणून. दोन वर्षांनी मला छपराखाली बसून करायचं काम मिळालं होतं. परत तिकडे जायची माझी तयारी नव्हती.

लेबलं बाहेर न्यायला परवानगी नव्हती. मी दोन्ही शब्द चित्र काढावं तसे एका कागदावर काढून घेतले. आमच्या गावच्या शाळेत अंबरनाथ पश्चिमेहून एक बाई शिकवायला येत. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात त्यांची वाट बघत उभी राहिले. त्यांनी कागद बघितला आणि हसल्या, कारण मी एक अक्षर उलटं काढलं होतं.

दोन्हीचा अर्थ उंचच, त्याही म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या की माणूस टॉल असतो, झाड टॉल असतं, आणि डोंगर हाय असतो.

मी विचारलं, पँट काय असते?

बाई म्हणाल्या, "पँटचं मला नाही सांगता येणार गं. आम्हाला कुणी तसं शिकवलं नाही." मग मात्र त्यांनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली. जे पायापासून डोक्यापर्यंत लांब असतं ते टॉल. जमिनीपासून वर कुठे तरी असतं ते हाय. पंखा हाय असतो, टॉल नसतो.

वाटभर मी तेच घोळवत आले. एक जात पायाला लांब होती. एक जात कमरेला वर चढणारी होती. मला उत्तर आल्यासारखं वाटत होतं, पण चौथी शिकलेल्या बाईने डिक्शनरीवाल्याला हे कसं सांगायचं? तो म्हणणार, तुझ्या शाळेतल्या बाईने पँट कधी घातली आहे का?

आणि मीही घातली नव्हती. आमच्यापैकी कुणीच नाही. दिवसाला शेकड्याने पँट हातातून जायच्या, पण ती अंगावर कशी बसते हे एकीलाही माहीत नव्हतं.

मंदाताईला मी हळूच सांगितलं. ती म्हणाली, "मग घाल की. तुझ्याएवढी उंच बाई या उल्हासनगरात मिळायची नाही त्यांना."

मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "बरं, मग विटा उचल."

स्टोअरमध्ये कापडाच्या ताग्यांमागे थोडी जागा होती. मंदाताईने चादर बांधली. मी साडी सोडली आणि लांब पायांची पँट घातली. काठ बरोबर घोट्यावर आला, कंबर कमरेवर बसली. मला आजवर बाजारातला एकही कपडा पुरला नव्हता. झंपर आखूड, परकर आखूड, लग्नात आहेर आलेली साडीसुद्धा वर राहायची. हा कपडा ज्या बाईसाठी कापला होता ती मला माहीत नव्हती, पण ती माझ्याएवढी होती. मी थोडा वेळ सरळ उभी राहिले.

मग दुसरी घातली. कंबर बरगड्यांपर्यंत गेली आणि पाय घोट्याच्या वर चार बोटं संपले. तीच पँट मंदाताईने चढवली. तिचं बटण लागलं नाही, पण पाय बरोबर आले आणि कंबर बेंबीच्या वर जाऊन बसली.

तिने तिथूनच किशनभाईला हाक मारली. त्याला चादरीच्या आत काय चाललंय ते कळेना. बाहेर या म्हणाला. मी हलले नाही. मंदाताईने चादर गुडघ्यापर्यंत उचलली, म्हणाली, एवढंच बघायचं. मी पुन्हा लांब पायांची घातली होती. त्याने चार पाय बघितले. मग आम्ही पँटची अदलाबदल केली, त्याने पुन्हा चार पाय बघितले. तिच्या पायाखाली कापडाचा ढीग झाला होता, माझे घोटे उघडे.

"ठीक है, दो टाइप हैं," तो म्हणाला. "लेकिन कौनसा टॉल, कौनसा हाय? उंच तो दोनों हैं."

आता मला बोलावं लागलं. चादर मध्ये होती म्हणून जमलं.

"किशनभाई, तुम्ही मला काय हाक मारता?"

तो थोडा ओशाळला. "लंबी."

"ऊंची का नाही म्हणत?"

"आदमी को ऊंचा कौन बोलता है? ऊंचा तो रॅक होता है."

"मग रॅक हाय," मी म्हणाले. "आणि मी टॉल. माझ्या मापाची ती टॉल. जिची कंबर वर जाते ती हाय."

हे कुणी सांगितलं, त्याने विचारलं. मी म्हणाले, शाळेतल्या बाईंनी. मग त्याने बाईंचं नाव विचारलं, शाळा विचारली. बाई खरंच शाळेत शिकवतात म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

दीडशेतले जवळपास निम्मे पीस चुकीचे निघाले. शेवटचं फिनिशिंग करणाऱ्या आम्ही सगळ्या ब्लेड घेऊन बसलो आणि लेबलं उसवली. शिवण काढताना कापड चिरलं तर पीस वाया, म्हणून टाका टाका उचलावा लागतो. तीन पीस चिरले. ते किशनभाईने कुठे ठेवले ते मी विचारलं नाही.

मॅडम आली. तिने दोन्ही ढिगांतून पीस ओढले, बाजूने मोजलेच नाहीत. टेप सरळ आसनाला लावली, मग आतून पायाला. कागदावर खुणा केल्या. मी रॅकच्या मागे उभी राहून तिची टेप बघत होते. चिठ्ठ्या नसताना माल वेगळा कुणी केला, असं तिने विचारलं. किशनभाई म्हणाला, आम्ही केला. मला बरं वाटलं. त्याने माझं नाव घेतलं असतं तर पुढे जावं लागलं असतं.

माल पास होऊन गेला. मी पुढे नऊ वर्षं तिथेच होते.

त्यानंतर नवीन शब्दाचं लेबल आलं की किशनभाई ते आधी माझ्याकडे आणायचा आणि विचारायचा, ये क्या है? मला इंग्रजी येत नाही हे तो विसरला होता, आणि मी आठवण करून दिली नाही. लेबल बाजूला ठेवायचं आणि म्हणायचं, आधी पँट दाखवा.